चौघींच्या टेबलावरचे साधे पाणी

माझ्या आत्याने कमावती वर्षे टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली आणि त्या नोकरीने तिला दोन गोष्टी दिल्या: सतत कोरडा पडणारा घसा आणि ऐकलेले न ऐकल्यासारखे दाखवण्याची सवय. पहिलीवरचा उपाय एक्सचेंजसमोरच, रस्ता ओलांडला की मिळत असे. दुसरीवर काही उपाय करावा असे तिला उतारवयापर्यंत कधी वाटले नाही. ती सवय म्हणजे आपला सद्गुणच आहे अशी तिची खात्री होती, आणि ती खात्री चुकीची होती असेही मला सरसकट म्हणता येणार नाही.

एक्सचेंजचा तो लांबलचक हॉल मी लहानपणी पाहिला आहे. भिंतभर उभे लाकडी बोर्ड, त्यांवर बारीक छिद्रांच्या रांगा आणि प्रत्येक छिद्राशी लुकलुकणारा एक दिवा. समोर उंच स्टुलांवर ओळीने बसलेल्या बायका, डोक्यावर हेडफोन, दोन्ही हातांत दोऱ्या. दिवा लागला की दोरी खुपसायची, नंबर विचारायचा, दुसरी दोरी खुपसायची, लाइन लागली की नाही ते क्षणभर ऐकायचे आणि कळ मागे ओढून बाजूला व्हायचे. पाठीमागून पर्यवेक्षिका फेऱ्या मारत. बोर्डावर पाणी सांडले तर अर्धे गाव मुके होईल, या भीतीने हॉलमध्ये पाण्याचा पेला नेण्यास सक्त मनाई होती. पाळी संपेपर्यंत नुसते बोलायचे, तेही एकाच पट्टीत, न चिडता, न हसता. सुटल्यावर पहिली काही मिनिटे या बायकांच्या तोंडून शब्द फुटत नसे, हे बाहेरच्या कोणाला पटले नसते.

तिथे माणसांना त्यांच्या बोर्डावरून ओळखले जाई. आत्या लांबच्या गावांचे कॉल जोडी म्हणून ती ‘ट्रंक’. लोकांना नंबर शोधून देणारी ‘चौकशी’. ती बोर्डावर नसतानाही प्रश्नच विचारत असे. पहाटेच्या गाड्या पकडणाऱ्यांना फोन करून उठवणारी ‘गजर’. ती स्वतः जागच्या जागी कुठेही झोपू शके. आणि बंद पडलेल्या फोनांची गाऱ्हाणी लिहून घेणारी ती ‘तक्रार’. बढत्या झाल्या, बोर्ड बदलले, तरी नावे चिकटली ती चिकटलीच. आमच्या घरी तक्रारमावशी, चौकशीमावशी अशीच हाक होती, आणि त्यात काही विचित्र आहे हे मला शाळेत कोणीतरी हसेपर्यंत ठाऊक नव्हते.

चौघींची पाळी एकच. सुटल्या की त्या रस्ता ओलांडून समोरच्या हॉटेलात जात. गल्ल्यावरचा मालक त्यांना रस्त्याच्या पलीकडे पाहूनच आत खूण करी, आणि त्या खुर्च्यांवर टेकेपर्यंत चार बाटल्या टेबलावर आलेल्या असत. पत्र्याच्या पेटीत बर्फाच्या पाण्यात गळ्यापर्यंत बुडवून ठेवलेल्या नारिंगी बाटल्या. काचेवरून पाणी ओघळत असे, आणि बूच काढले की छोटासा धूर निघे. अर्धी बाटली होईपर्यंत कोणी बोलत नसे. मग पहिले वाक्य बहुधा चौकशीचे, आणि तेही प्रश्नार्थक.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी मात्र जेवण असे. सूप, भाजलेला पाव, भात, वर दोन-तीन पदार्थ, आणि अर्थात बाटल्या. बिल आले की गजर ते उलटे पालटे करून पाही, बेरीज तपासण्यापुरते, आणि म्हणे, “भागिले चार.” कोणी काय खाल्ले याचा हिशेब कधी झाला नाही. चौकशी चांगली जेवणारी होती, तक्रार चिमणीसारखी खाई, गजरला शेवटी कॉफी लागे. तरीही भागिले चार. त्या व्यवस्थेत एक सहज सौंदर्य होते, आणि ते टिकले त्याचे एक कारण ती बाटली होती, असे मला आता वाटते. तिची किंमत कोणी विचारावी इतकी नव्हती. ती सगळ्यांच्या वाट्याला सारखी येई, सगळ्यांना सारखीच हवी असे, आणि बिलाच्या तळाशी तिची ओळ असे ती पावाच्या ओळीखाली, जवळजवळ संकोचाने. जेवण हा खर्च होता; थंड पेय हा त्या खर्चावरचा निःश्वास होता.

आता त्या दुसऱ्या सवयीविषयी. लाइन लागली की नाही हे पाहण्यासाठी ऑपरेटरला क्षणभर ऐकावेच लागे, आणि त्या क्षणात कोणाचे काय कानावर पडेल याचा नेम नसे. म्हणून एक्सचेंजमध्ये एक अलिखित नियम होता: कानात आले ते कानातच ठेवायचे. नवीन मुलीला दोऱ्यांच्या आधी हा नियम शिकवत. आत्याने तो किती पाळला याची एक गोष्ट चौकशीमावशीच सांगत असे; तिच्यातला आत्याचा भाग मला आत्याकडून फार उशिरा कळला.

तरुणपणी चौकशीचे लग्न ठरले होते. मुलगा दुसऱ्या गावी. एका दुपारी त्याने मध्यस्थाला कॉल लावला, तो नेमका आत्याच्या बोर्डावरून गेला. लाइन लागल्याची खात्री करताना आत्याच्या कानावर एक वाक्य पडले की त्या मुलीला काय सांगायचे ते तुम्हीच ठरवा, मला जमणार नाही. आत्याने कळ ओढली. संध्याकाळी समोर बसून चौकशी लग्नाच्या साड्यांविषयी बोलत होती आणि आत्या बाटलीतला नारिंगी घोट गिळत होती. चेहऱ्यावर रेष हलली नाही. बातमी यायची तेव्हा रीतसर आली, चौकशी रडली, सावरली, पुढे तिचा दुसरीकडे छान संसारही झाला. बऱ्याच वर्षांनी तिने आत्याला विचारले की तो कॉल तुझ्याच बोर्डावरून गेला असणार, नाही? आत्या म्हणाली, असेल, रोज शेकडो जायचे. त्यावर चौकशी म्हणाली की बरे झाले तू बोलली नाहीस. बोलली असतीस तर मला पुन्हा तुझे तोंड पाहवले नसते.

या प्रसंगाने नियमावर जणू शिक्काच बसला. न बोलणे म्हणजे माया, असे त्या चौघींत ठरून गेले. ठरवले कोणीच नव्हते.

पुढे यंत्रे आली. लोक स्वतःच नंबर फिरवू लागले आणि हॉलमधले दिवे एकेक बोर्ड करून विझले. तिघींनी दुसऱ्या विभागांत बदल्या घेतल्या, फायली सांभाळल्या आणि निवृत्तिवेतन मिळेपर्यंत तग धरला. तक्रारीने मात्र एकरकमी पैसे घेऊन घरी जाणे पत्करले. त्या वेळी ती रक्कम मोठी वाटली होती. तिच्या घराचे छप्पर बदलायचे होते, नवऱ्याची प्रकृती ढासळलेली होती. छप्पर झाले, नवरा काही वर्षांनी गेला, उरलेल्या पैशाचे व्याज त्याच जागी राहिले आणि बाजार पुढे गेला. हे सगळे तिच्या मैत्रिणींना तुकड्यातुकड्यांनी ठाऊक होते. तुकडे जोडून पाहण्याचे कोणाच्या मनात आले नाही, कारण तक्रार नेहमी इस्त्रीच्या साडीत येई आणि कधीही कशाविषयी कुरकुर करत नसे.

पहिला शनिवार चालूच राहिला. आत्याचे गुडघे कुरकुरू लागल्यावर तिला गाडीने नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे आले. मी शेजारच्या लहान टेबलापाशी वर्तमानपत्र उघडून बसत असे आणि त्यांचे चाललेले ऐकत असे. हॉटेल आता मालकाच्या मुलाच्या हाती आले होते. भिंतींना रंग लागला, खुर्च्यांना गाद्या आल्या, पत्र्याची पेटी गेली. पदार्थांच्या यादीत पेयांना स्वतंत्र पान मिळाले, तेही मधोमध, चित्रांसह. बाटली टेबलावर येणे बंद झाले. आता उंच पेला येई, निम्मा बर्फाने भरलेला, काठावर फळाची चकती, आत दोन नळ्या. वेटर यादी हातात देण्यापूर्वीच विचारत असे, “सुरुवातीला थंड काय घेणार?”

किंमत विचारली ती चौकशीनेच, आणि एकदा सोडून दोनदा, कारण पहिल्यांदा तिला वाटले वेटर जेवणाचा भाव सांगतोय. मग तिने मालकाच्या मुलालाच बोलावून घेतले. तो लहानपणापासून या चौघींना पाहत आलेला; लपवाछपवी न करता त्याने सांगून टाकले. जेवणाचे भाव लोकांना तोंडपाठ असतात, तिथे जराही वाढवले की गिऱ्हाईक दारातून परत फिरते. पेयाचा भाव कोणाच्या लक्षात राहत नाही. या जागेचे भाडे त्या पेल्यांतूनच निघते.

“म्हणजे आम्ही पाणी प्यायलो तर तू उपाशी,” चौकशी म्हणाली.

“तुम्ही खुशाल पाणी प्या, मावशी,” तो हसत म्हणाला, “फक्त बाकीच्या टेबलांना ऐकू जाऊ देऊ नका.”

सगळ्या हसल्या आणि तीन पेले मागवले गेले. आत्याला या नव्या पेयांचे लहान मुलासारखे अप्रूप होते. तिने ते चित्रांचे पान वरून खालपर्यंत एकेका महिन्याला एक असे प्यायला घेतले. निळे पेय तिला शाईसारखे वाटले, हिरवे दंतमंजनासारखे, पण पुढच्या महिन्यात ती नव्या उत्साहाने खालच्या चित्राकडे वळे. गजरचा पहिला पेला गप्पांच्या भरात संपे, म्हणून दुसरा येई. चौकशी प्रत्येक पेयात काय काय आहे ते वेटरकडून वदवून घेई आणि शेवटी आत्या घेईल तेच घेई.

तक्रार म्हणे, “मला साधं पाणी. थंडाने घसा धरतो.”

एके काळी जिला बर्फातली बाटली लागे तिचा घसा आता थंडाने धरतो, याचे कोणाला नवल वाटले नाही. वय झाले की घसा धरतोच. मग बिल येई. आता त्याच्या मध्यावर पेयांच्या ओळी जाडजूड बसलेल्या असत, सुपाला, भाताला खाली ढकलून. गजर बेरीज तपासून म्हणे, “भागिले चार,” आणि चारही पाकिटे उघडत.

एक शनिवार मला नीट आठवतो, आणि तरी त्यात जे घडले ते मला तेव्हा कळले नाही. तक्रार हात धुऊन परत येताना, पाण्याचे जग भरून ठेवलेले असत त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी थांबली. तिथे वेटर उभा होता. ती त्याच्याशी दबक्या आवाजात काही बोलली आणि येऊन बसली. माझे टेबल त्यांच्या टेबलापासून हातभर अंतरावर होते. मला एक अक्षर ऐकू आले नाही. इतकेच दिसले की गजर एकाएकी पिशवीत चष्मा शोधू लागली, जो तिच्या डोळ्यांवरच होता. चौकशीने आत्याच्या गुडघ्यांची विचारपूस केली, जी जेवणापूर्वी एकदा करून झाली होती. आत्या नळीने बर्फ ढवळत राहिली. तक्रारीने तिघींच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली, थोडे थांबली, आणि पाव मोडला.

पुढच्या महिन्यात ती आली नाही. घरी नळ दुरुस्त करणारा यायचा होता. त्याच्या पुढच्या महिन्यात पाहुणे. मग पाठ धरली होती. आत्या तिला फोन करी, दोघी मनमोकळे बोलत, टोमॅटोच्या लोणच्यापासून शेजारणीच्या सुनेपर्यंत. फक्त शनिवारचा विषय निघत नसे. हॉटेलातला वेटर चौथी खुर्ची दुसऱ्या टेबलाला लावायला नेऊ लागला की तिघी एकदम म्हणत, “असू दे, येईल ती.” चौथ्या खुर्चीवर त्या आपल्या पिशव्या ठेवू लागल्या, आणि तेही त्यांना आवडत नसे, दर थोड्या वेळाने कोणीतरी पिशवी उचलून मांडीवर घेई. आत्याच्या त्या चित्रांच्या पानावरचे शेवटचे पेय तसेच राहून गेले.

गजरच्या वाढदिवसाला मात्र तक्रार आली. आणि तिथे आत्याने घोळ घातला.

तिने आदल्या दिवशी हॉटेलात फोन करून वेटरला सांगून ठेवले होते की तक्रारबाईंसमोर एक नारिंगी पेय आणून ठेव, हॉटेलकडून आहे म्हण, जुन्या गिऱ्हाइकांसाठी; पैसे मी नंतर देईन. बेत तिच्या मते नामी होता. त्यात खोट एवढीच होती की टेबलाशी जुनी गिऱ्हाइके चार होती आणि हॉटेलची माया एकीवरच उतू गेली. शिवाय वेटर सरळ मनाचा होता. त्याने पेला तक्रारीपुढे ठेवला, पाठ केलेले वाक्य म्हटले, आणि बरोबर जमले ना, अशा नजरेने आत्याकडे पाहिले.

तक्रारीने पेला पाहिला, वेटरला पाहिले, मग आत्याला. बंद पडलेल्या फोनाविषयी कोण काय बनवाबनवी करतेय हे नुसत्या आवाजावरून ओळखण्यात जिचा जन्म गेला, तिच्यापुढे हे नाटक किती वेळ टिकणार?

“रंग छान आहे,” ती म्हणाली.

तिने नळीला तोंड लावले नाही. ती गोड बोलली, गजरला शुभेच्छा दिल्या, सगळ्यांची विचारपूस केली. पेल्यातला बर्फ विरघळत गेला, वरचा थर फिका पडला, काठावरची चकती घसरून आत बुडाली. बिल आले. तिने आपला चौथा हिस्सा मोजून ठेवला, बसची वेळ झाली म्हणाली आणि उठली. मी आत्याला गाडीने घरी आणले. दारापाशी उतरताना तिने, नियमाने वागणाऱ्या माणसाला जितक्या अवघडपणे बोलता येईल तितक्या अवघडपणे, मला पाण्याच्या जगांपाशी झालेले संभाषण सांगितले. तक्रारीने त्या एका पेल्याचे किती घेता ते विचारले होते. मग विचारले होते की माझे बिल वेगळे करता येईल का. वेटर म्हणाला होता की एका टेबलाचे एकच बिल होते, मालकांना विचारावे लागेल. ती म्हणाली होती, राहू द्या मग.

“मी तेव्हा गप्प बसले,” आत्या म्हणाली. “म्हटलं, तिला कळू नये आपल्याला कळलंय. आणि आज काय केलं, तर तिला फुकट पाजायला गेले. अरे, इतके महिने माझ्या पेल्याचा चौथा हिस्सा ती भरत होती, आणि मी तिच्यावर मेहेरबानी करायला निघाले.”

दुसऱ्या दिवशी तिने चौकशी आणि गजर यांना घरी बोलावले. मला चहा करायला सांगितला होता, म्हणून पुढचे मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकले. आत्याने आपण ऐकले होते हे कबूल केले. मग चौकशी म्हणाली की मीही ऐकले होते. गजर म्हणाली, “मी तर वेटरचं उत्तरसुद्धा ऐकलं होतं.” तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. एकाच टेबलाशी बसून तिघींनी तेच वाक्य ऐकले होते आणि प्रत्येकीने इतके महिने ते आपल्या एकटीच्याच कानी पडले आहे असे समजून जपले होते. वाईट प्रसंग होता, तरी गजरला हसू आवरेना.

उपायाची चर्चा बराच वेळ चालली. गजरचे म्हणणे होते की आपण सगळ्यांनीच पेये सोडून द्यावीत. चौकशीने विचारले, “म्हणजे तिला समोर बसवून आपण तिघींनी उपास धरायचा? आणि ती जेवेल?” दुसरे हॉटेल शोधावे, असेही निघाले, पण तक्रारीला कारण काय सांगणार? वेटरला सांगून गुपचूप बिल कमी दाखवावे, हे आत्यानेच खोडून काढले. गुपचूप या शब्दाचा तिला आता वीट आला होता. सरळ बोलल्यावाचून गत्यंतर नाही, असे अखेर ठरले. बोलायचे कोणी, हा प्रश्न उरला.

“तू कर फोन,” चौकशी आत्याला म्हणाली. “लाइन जोडायची सवय तुला.”

आत्या फोनपाशी जाऊन बसली. निवृत्तीनंतरही ती फोनवर बोलताना पाठ ताठ ठेवी, जणू मागे पर्यवेक्षिका उभी आहे. तक्रारीने फोन उचलल्यावर दोघींत प्रकृतीची देवाणघेवाण झाली. मग आत्या थांबली. मला वाटले, आता ती लोणच्याकडे वळणार.

“ऐक,” ती म्हणाली. “त्या दिवशी तू पाण्याच्या जगांपाशी वेटरशी बोललीस ना, ते मी ऐकलं होतं. आम्ही तिघींनी ऐकलं होतं.”

तक्रार मग इतक्या स्पष्ट आवाजात बोलली की टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या आम्हालाही ऐकू आले.

“ऐकलंत ते मला ठाऊक आहे गं. तुम्हाला ऐकू जावं म्हणूनच मी तिथे बोलले. जन्मभर लोकांची गाऱ्हाणी लिहून घेतली, स्वतःचं सांगायला तोंड उघडेना. म्हटलं, तुमचे कान मला माहीत आहेत, तुमच्या कानावर टाकू. कोणीतरी विचारेल. मी येऊन बसले आणि तुमची तोंडं बघत राहिले. तू बर्फ ढवळत होतीस.”

आत्याने डोळे मिटले. “आम्हाला वाटलं, तुला लाज वाटेल.”

“लाज वाटलीच. कोणी विचारलं नाही म्हणून जास्त वाटली. मला वाटलं, यांना परवडतंय, यांना काय त्याचं.”

मला वाटते, त्या क्षणी आत्याच्या सगळ्या नोकरीचा अर्थ थोडासा हलला. ज्या मौनाने तिने एकीला सावरले होते, त्याच मौनाने दुसरीला उंबऱ्याबाहेर उभे ठेवले होते. आणि दोन्ही वेळा मौन पाळणारीला आपण सारखेच भले वागतो आहोत असे वाटत होते. नियम बदलला नव्हता. पहिल्या वेळी समोरची अजाण होती. दुसऱ्या वेळी समोरची वाट पाहत होती. हा फरक ओळखायला कानापेक्षा निराळे काही लागते, आणि त्याचे शिक्षण एक्सचेंजमध्ये कोणी दिले नव्हते.

“चुकलं गं,” आत्या म्हणाली. “आणि त्या दिवशीचा पेला तर फारच चुकला.”

“तो तर अगदीच बावळटपणा होता,” तक्रार म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण हसता हसता आत्याने पदर डोळ्यांना लावला.

मग तक्रारीने अटी घातल्या. शनिवारी येईन, पण माझे बिल वेगळे. माझ्यासाठी कोणी काही मागवायचे नाही. आणि तुम्ही तिघी माझ्याकरता पाणी पीत बसलात, तर मी उठून जाईन. आत्याने साऱ्या अटी मान्य केल्या आणि एक आपली घातली, की तुझे एकटीचे वेगळे नाही, चौघींचे वेगळे. तक्रारीला ते पटायला थोडा वेळ लागला, पण पटले.

पहिल्या शनिवारी मालकाच्या मुलाला चार बिलांचे सांगितले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. शनिवारची गर्दी, त्यात एका टेबलाची चार बिले म्हणजे गल्ल्यावर खोळंबा. पण चौकशीने त्याच्या बालपणातले दोन-चार उद्योग गिऱ्हाइकांदेखत आठवून दाखवले आणि तो मुकाट्याने तयार झाला. आत्याने चित्रांच्या पानावरचे शेवटचे, राहून गेलेले पेय घेतले. गजरने एकच पेला घेतला आणि तो जेवण संपेपर्यंत पुरवला. दुसऱ्याची आता तिला गरजच पडली नाही, आणि आजवर त्याचे पैसे चार ठिकाणांहून येत होते हे तिचे तिलाच उमगून ती जरा खजील झाली.

काही हरवलेही. भागिले चार म्हणण्यात जी एक बेफिकिरी होती, आपण चौघी म्हणजे एकच गिऱ्हाईक असे जे वाटे, ते परत आले नाही. चार कागद चार ताटांशेजारी पडले आणि प्रत्येकीने आपला डोळ्यांजवळ धरून वाचला. आत्या पुढे कित्येकदा म्हणे की ती नारिंगी बाटली स्वस्त होती तोवर आपल्याला मैत्री सोपी वाटली. सोपी नव्हती, स्वस्त होती. हे ती कडवटपणे म्हणत नसे. बर्फाची पेटी, बूच निघतानाचा तो धूर, अर्ध्या बाटलीपर्यंतची शांतता यांविषयी बोलताना तिचा आवाज अखेरपर्यंत मऊ होई.

पण त्या शनिवारी जेवण संपत आले तसे एक झाले. बिल आपले एकटीचे आहे म्हटल्यावर तक्रारीने यादी पुन्हा मागवली. आजवर ती भीतभीत, सर्वांत कमी भावाची ओळ शोधून जेवली होती. आपण कमी खाल्ले तर सगळ्यांचाच आकडा जरा खाली येईल, असा तिचा हिशेब असावा. आता तिने गोडाचे पान काढले, भाव वाचले, मनाशी काही जुळवले आणि वेटरला सांगितले की एक आइस्क्रीम, मोठे. घशाचा विषय कोणी काढला नाही. पेला आला. ती चमच्याच्या टोकाने इतके सावकाश खात होती की आजूबाजूची दोन टेबले रिकामी होऊन पुन्हा भरली. चौकशीने विचारले, तुला गोड इतके आवडते? तक्रार म्हणाली, लहानपणापासून. तिघी चकित होऊन तिच्याकडे पाहत राहिल्या, आणि ती खात असेतोवर कोणाला निघायची घाई झाली नाही.